पोथीवरचा हरताळ, ओठावरची लव

पार्लरच्या भिंतीवर लॅमिनेट केलेलं दरपत्रक असतं. आयब्रो, अप्पर लिप, फोरहेड, फुल हँड, हाफ लेग, कटोरी वॅक्स, ब्लीच. आणि हल्ली अगदी तळाला, वेगळ्या रंगात, लेझर. लग्नाला तीन महिने उरले असताना माझी भाची अशाच एका दरपत्रकाखाली बसली होती. "आत्या, नक्की कोणतं करू गं?" मी तोंड उघडायच्या आत दोरा घेऊन उभी असलेली ताई म्हणाली, "काय आहे ना मॅडम, सगळं एकच. फरक फक्त पैशाचा आणि दुखण्याचा."

ताईचा हात हलका होता, पण विधान चुकीचं होतं. ते दरपत्रक मला तेव्हापासून सरकारी कचेरीतल्या हजेरीपटासारखं दिसायला लागलं आहे. कारण त्यातलं जवळपास कुणीच मूळचं इथलं नाही. बाईच्या ओठावरची लव काढायची म्हणून जन्माला आलेली हत्यारं शोधायला गेलं तर फारशी सापडत नाहीत. कुणी चांभाराच्या हौदातून आलंय, कुणी डोळ्यांच्या दवाखान्यातून, कुणी क्ष-किरणांच्या अंधाऱ्या खोलीतून. सगळी बदलीवर आलेली मंडळी.

सुरुवात हरताळापासून करू. पिवळाधमक खनिज दगड; आर्सेनिक आणि गंधकाचं संयुग. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की लेखक त्यावर हरताळाचा लेप द्यायचा, अक्षर दिसेनासं व्हायचं. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आला तो तिथून. (दुकानं बंद पाडणारा हरताळ वेगळा, तो हाटाला लावलेल्या टाळ्यातून आला.) पण हरताळ नुसती अक्षरंच पुसत नव्हता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जखमेवरचे साठ उपक्रम सांगितलेत, त्यात एक केस काढण्याचा आहे. केसाळ जागी झालेली जखम नीट भरून येत नसेल तर वस्तरा, कात्री नाहीतर चिमट्याने केस काढावेत असं सुश्रुत सांगतो, आणि मग लेपही देतो: शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, आंबवलेल्या आंबट द्रवात वाटून लावायचं. म्हणजे आपल्या या यादीतलं पहिलं नाव शृंगारपेटीतलं नाही, जखमेवरच्या इलाजातलं आहे. आजही ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डबॉय येऊन 'तयारी' करून जातो, त्याची परंपरा थेट इथवर पोचते.

शंख भाजला की त्याचा चुनाच होतो. चुना आणि हरताळ ही जोडी मग पश्चिमेकडेही सापडते. तुर्की आणि अरबी हमामांत हाच लेप शतकानुशतकं वापरात होता. 'नूरा' किंवा 'रुस्मा' ही त्याची नावं. तो तयार झाला की नाही हे बघायची जुनी खूण मला फार आवडते: पक्ष्याचं पीस लेपात बुडवून बाहेर काढायचं. पिसाचे तंतू गळून नुसती काडी हातात आली की लेप लावायला हरकत नाही. मात्र घड्याळ नसलेल्या काळात तो किती वेळ अंगावर ठेवायचा हा ज्याच्या त्याच्या धाडसाचा प्रश्न होता. वेळ चुकली की केसांबरोबर कातडीही निघायची.

कारण साधं आहे. केस ज्या केराटिनचा बनतो त्याच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. चुना आणि गंधकाचं संयुग एकत्र आलं की ते दुवे तुटतात आणि केसाचा लगदा होतो. कातडीचा वरचा थरही केराटिनचाच, म्हणून लेपाला केस कुठे संपला आणि माणूस कुठे सुरू झाला ते कळत नाही. कातडं कमावणारे हेच करत आले आहेत. जनावराची कातडी चुन्याच्या हौदात टाकायची, पुढे त्यात सोडियम सल्फाइड आलं, आणि केस सैल झाले की खरवडून काढायचे. विसाव्या शतकात आर्सेनिक गेलं आणि त्याच्या जागी थायोग्लायकोलेट नावाचं सौम्य भावंड आलं. ट्यूबवर फुलं छापली गेली. तरी क्रीम लावून न्हाणीघरात दहा मिनिटं उभं राहिलेल्या कुणालाही तो वास विचारा. ऐंशीच्या दशकात आमच्या हॉस्टेलवर कुणी ऍन फ्रेंच क्रीम लावलं की मजलाभर कळायचं. कितीही गुलाब घातला तरी गंधकाचा वास काही लपत नाही. म्हणून क्रीम वापरायचं असेल तर आधी कोपराच्या आत जरासं लावून एक दिवस थांबावं, आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये. हमामातल्या पिसाचा नियम अजून लागू आहे.

वॅक्सची गोष्ट सोपी आणि गमतीची. हातापायांना लावतात ते आपलं जुनं 'वॅक्स' मुळात मेण नव्हतंच. साखर, लिंबू, पाणी, आणि तांबूस होईपर्यंत आटवलेला पाक. इजिप्तमध्ये त्याला 'हलावा' म्हणतात, तुर्कस्तानात 'अगदा'. आपल्या पार्लरमध्ये तो सुरीने हातावर पसरून, वर जुन्या जीन्सची कापलेली पट्टी दाबून, केस उगवण्याच्या उलट्या दिशेने खर्रकन ओढला जायचा. माझ्या वहिनीने एकदा तो घरी करून बघितला. पाक एक तारी, दोन तारी करता करता गोळीबंद झाला आणि पातेलं भंगारवाल्याला द्यावं लागलं. साखरेच्या पाकात हात बसलेली बाई असूनही!

ओरडण्याचा इतिहासही जुना आहे. रोमन विचारवंत सेनेका एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहायचा. गोंगाटाला वैतागून त्याने मित्राला पत्र लिहिलं, त्यात काखेतले केस उपटणाऱ्या माणसाची तक्रार आहे: हा गिऱ्हाईक मिळवायला चिरक्या आवाजात सतत ओरडत असतो, आणि गप्प बसतो तो फक्त काख उपटताना, कारण तेव्हा गिऱ्हाईक ओरडतं. दोन हजार वर्षांत या धंद्याचं यापेक्षा नेमकं वर्णन माझ्या तरी वाचनात नाही.

आता लक्षात घ्या, सेनेकाच्या त्या स्नानगृहातली गिऱ्हाइकं पुरुष होती. कामसूत्रातल्या नागरकाच्या दिनचर्येतही दर चौथ्या दिवशी दाढी आणि पाचव्या किंवा दहाव्या दिवशी अंगावरचे केस काढणं नेमून दिलंय, आणि नागरक म्हणजे शहरातला शौकीन गडी. इजिप्तचे पुजारी एक दिवसाआड सगळं अंग वस्तऱ्याने साफ करायचे असं हिरोडोटसने लिहून ठेवलंय. आमच्याकडे जैन मुनी केशलोच करतात तो हाताने, राख लावून, एकेक बट उपटून. तिथे न दुखण्याचा प्रश्नच नाही, सोसणं हाच त्याचा अर्थ आहे. आणि जिथे केस काढणं खरोखर बायकांवर आलं, त्या विधवांच्या केशवपनात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. 1890च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतले न्हावी एकत्र आले आणि या कामाला आपण वस्तरा लावणार नाही असं म्हणाले. धोकटी खाली ठेवून दिलेला तो नकार इथे आठवायलाच हवा, कारण 'कोणतं करू' हा भाचीचा प्रश्न विचारण्याइतकी मोकळीक किती नवी आहे हे त्यावरून कळतं.

मग अंगावरची लव हा बाईचा खासगी गुन्हा कधी झाला? युरोप-अमेरिकेत याचं एक टोक डार्विनपाशी जातं. 1871च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये त्याने माणसाचं केसविरहित होणं जोडीदाराच्या निवडीशी जोडलं. त्यानंतर अंगावरचे केस म्हणजे मागासपणा, रानटीपणा, असं वाचणारे पुष्कळ निघाले. त्याच्याच 1868च्या एका पुस्तकात हूलिया पास्त्रानाचा उल्लेख आहे. मेक्सिकोची ही बाई, चेहराभर केस असलेली, उत्तम गाणारी आणि नाचणारी. तिला जत्रेत मांडून पैसे कमावले गेले. 1860 साली मॉस्कोत बाळंतपणानंतर ती गेली, तर नवरा तिच्या आणि बाळाच्या देहात मसाला भरून ते मांडत राहिला. तिच्या देहाला माती मिळाली ती 2013 साली, मेक्सिकोत, आपल्या गावाकडे.

दुसरं टोक बाजारात आहे. किंग जिलेटने 1903 साली सुरक्षित वस्तरा विकायला काढला तेव्हा वर्षभरात 51 वस्तरे गेले. पुढे मात्र इतके खपले की दाढीवाले पुरुष कमी पडायला लागले असावेत. 1915 साली बिनबाह्यांचे पोशाख आले आणि कंपनीने बायकांसाठी 'मिलेडी' काढला. लहानसा, सोनेरी, डबीत बसवलेला. हत्यार तेच, फक्त दाढी या शब्दाला जाहिरातीत जागा नव्हती. दुसऱ्या महायुद्धात नायलॉन पॅराशूटला गेलं, पायमोजे मिळेनात, आणि उघड्या पायांबरोबर वस्तरा पोटऱ्यांपर्यंत उतरला.

वस्तऱ्याबद्दल घरोघरी एक भीती आहे: एकदा फिरवला की केस राठ आणि दुप्पट येतात. सेंट लुईसच्या मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी 1928 साली हे नीट मोजून बघितलं. ना वाढीचा वेग बदलला, ना जाडी. फसवतं ते टोक. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, वस्तऱ्याने ते सपाट होतं, म्हणून बोटाला खरखर लागते. शंभर वर्षं होत आली, तरी माझ्या मावशीला ट्रॉटरबाई पटलेल्या नाहीत.

त्याच सेंट लुईसमध्ये, ट्रॉटरच्या आधी अर्धशतक, चार्ल्स मिशेल नावाचा डोळ्यांचा डॉक्टर होता. त्याच्या रुग्णांच्या पापण्यांचे केस आत वळलेले, बुबुळावर घासणारे. उपटले की पुन्हा उगवायचे. 1875 साली त्याने लिहिलं की बॅटरीला जोडलेली बारीक सुई केसाच्या मुळाशी घातली आणि वीज सोडली तर मूळच मरतं. मुळाशी असलेल्या खारट ओलाव्यातून विजेमुळे जागच्या जागी कॉस्टिक सोडा तयार होतो, आणि तो मूळ जाळतो. डोळा वाचवायला निघालेली ही सुई काही वर्षांत बायकांच्या हनुवटीवर आली. इलेक्ट्रोलिसिस ते हेच. एकेक केस, एकेक टोचणी, महिनोन्‌महिने. चिकाटी लागते. पण अमेरिकेचं औषध प्रशासन 'कायमचं काढणं' हे शब्द वापरू देतं ते फक्त या पद्धतीला. लेझरला 'कायमची घट' एवढंच म्हणता येतं.

पुढची बदली फार महागात पडली. व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंडने 1896 साली, म्हणजे क्ष-किरण सापडल्याच्या पुढच्याच वर्षी, पाच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर ते किरण सोडले. केस गळले. मागून जखम आली, ती भरता भरेना. जगाने मात्र फक्त पहिलं वाक्य ऐकलं. 1920च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट गायझर या डॉक्टरने 'ट्रायको' नावाची पद्धत काढली. लाकडी कपाटासारखं यंत्र, त्याला चेहऱ्याच्या मापाची खिडकी, समोर बसायचं आणि काही मिनिटं स्वस्थ राहायचं. दुखत नाही, वास नाही, रक्त नाही. चालवायला डॉक्टर नकोत. पार्लरच्या बायकांना थोडकं शिक्षण देऊन यंत्र भाड्याने दिलं जायचं. अमेरिकेत शहरोशहरी अशा खोल्या निघाल्या. खरोखरच चेहरे गुळगुळीत झाले. मग काही वर्षांनी कातडी सुरकुतायला लागली, पांढरी पडली, व्रण आले, आणि कित्येकींना कर्करोग झाला. 1929 साली तिथल्या वैद्यकीय संघटनेने पद्धतीचा निषेध केला. तरी चोरून चालत राहिलीच. दशकांनंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या म्हाताऱ्या बाया हे कशाने झालं ते सांगायलाच तयार नसत. ज्या लाजेपायी त्या यंत्रासमोर बसल्या होत्या, त्याच लाजेने आता त्यांचं तोंड बंद केलं होतं.

याच सुमाराला 'कोरेमलू' नावाचं क्रीम आलं. त्यात थॅलियम होतं. थॅलियमने केस गळतात हे माहीत झालं होतं ते मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णावर इलाज करताना. तेच उंदरांच्या विषातही असायचं. क्रीम लावलेल्या बायकांच्या ओठावरचे केस गेले तसे डोक्यावरचेही गेले, पाय लुळे पडले, दृष्टी अधू झाली. दाव्यांखाली कंपनी 1932 साली बुडाली. अमेरिकन सरकारला काही करता आलं नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं बसतच नव्हती. ती बसली 1938च्या कायद्यात.

दोरा या सगळ्यांत वेगळा. तो कुठून निघाला हे शोधत बसण्यापेक्षा कुठे कुठे आहे ते बघावं. इराणात थ्रेडिंगला 'बंद-अंदाझी' म्हणतात. मुलीचा चेहरा पहिल्यांदा कोरला जायचा तो लग्नाच्या तोंडावर, बायकांच्या गोतावळ्यात. चीनमध्येही नवरीच्या चेहऱ्यावरून दोरा फिरवायचे, आणि त्याचं नाव 'चेहरा उघडणं'. दोन्हीकडे कोरलेला चेहरा म्हणजे लग्न झाल्याची खूण. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मी आठवीत असतानाच लग्न लागलं म्हणायचं का माझं?"

ताईचा हात जवळून बघण्यासारखा असतो. दोऱ्याचं एक टोक दातात, उरलेल्याचा दोन्ही हातांत फासा, मधे सात-आठ पीळ. डाव्या हाताची बोटं फाकवली की पीळ उजवीकडे सरकतो, उजवी फाकवली की डावीकडे. त्या सरकत्या पिळात केसांची ओळ पकडली जाते आणि मुळासकट निघते. "घट्ट धरा," एवढंच ती दाताआडून म्हणते, आणि आपण आपल्याच पापणीची कातडी ताणून धरतो. वीज नाही, रसायन नाही, गुंतवणूक एका रिळाची. बाकी सगळे बदलीवर आले, दोरा मात्र शिवणाच्या डब्यातून उठून आला तो इथलाच होऊन राहिला. माझं मत विचाराल तर भुवयांना यापेक्षा चांगलं काही अजून निघालेलं नाही.

आपल्या घरांत याहून जुनं काही असेल तर ते तान्ह्याचं अंग मळणं. न्हाऊ घालायला येणारी बाई साय-हळदीत मळलेला कणकेचा गोळा बाळाच्या पाठीवर, कपाळावर फिरवायची, "लव गेली पाहिजे, नाहीतर मोठेपणी हिला बघणारे नाक मुरडतील." ती लव तशीही दोन-तीन महिन्यांत आपली आपण जाते. आठ दिवसांच्या मुलीच्या अंगावर मोठेपणाची काळजी मळून ठेवायची ही पद्धत मात्र विचार करण्यासारखी आहे. मुलाच्या पाठीवर तो गोळा जरा सैल हाताने फिरायचा असं मला तरी आठवतं.

आता लेझर. मेमनने पहिला लेझर पेटवला 1960 साली, माणकाच्या कांडीतून. तेव्हा त्याचं काय करायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. बॉस्टनच्या अँडरसन आणि पॅरिश यांनी 1983 साली तत्त्व मांडलं: योग्य तरंगलांबीचा प्रकाश, योग्य तितकाच क्षण सोडला, तर तो फक्त गडद रंगाची गोष्ट तापवतो, आजूबाजूचं वाचतं. त्यांच्यापुढे होते कातडीतल्या रक्तवाहिन्यांचे लाल डाग. नव्वदच्या दशकात हेच तत्त्व केसांवर आलं.

किरण शोधतो काळा रंग. गोऱ्या कातडीवरचा काळा केस हे त्याचं आवडतं गिऱ्हाईक. आपली कातडी सावळी, तिच्यातही तोच रंग. चुकीचं यंत्र असलं तर केसाऐवजी कातडीच भाजते आणि डाग पडतात. म्हणून आपल्याकडे 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग किंवा 810च्या आसपासचं डायोड वापरतात. लांब लहरी कातडीतल्या रंगाला कमी धक्का लावून खोल जातात. पुन्हा, किरणाला सापडतो तो फक्त वाढीला लागलेला केस. बाकीचे झोपलेले असतात, म्हणून चार ते सहा आठवड्यांनी एक अशा सहा-आठ सिटिंग कराव्या लागतात. आणि एक गोष्ट काउंटरवरची मुलगी सहसा सांगत नाही: चेहऱ्यावर, विशेषतः आपल्यासारख्या सावळ्या वर्णावर, कमी ताकदीच्या लेझरने क्वचित उलट केस वाढतातही.

हनुवटीवर, गळ्यावर अचानक राठ केस यायला लागले असतील, पाळी पुढेमागे होत असेल, तर आधी डॉक्टर. फेरीमन आणि गॅलवे यांनी 1961 साली बायकांच्या अंगावरचे केस मोजायची पद्धत बसवली; आज तिची सुधारित यादी नऊ जागांची आहे, प्रत्येक जागेला 0 ते 4 गुण. पीसीओएस हा बीजकोशांचा विकार असेल तर आतून संप्रेरकं केस वाढवत असतात, आणि बाहेरून कितीही छाटलं तरी शेत तेच राहतं. चेहऱ्यावरच्या अशा केसांसाठी एफ्लॉर्निथिन नावाचं मलम निघालं, त्याची बदली सगळ्यांत चमत्कारिक. हे मुळात कर्करोगासाठी बनलं आणि पुढे आफ्रिकेतल्या झोपेच्या आजारावरचं औषध झालं. बेशुद्ध पडलेली माणसं उठून बसायची. पण रुग्ण गरीब, नफा नाही, म्हणून नव्वदच्या दशकात उत्पादन थांबलं. 2000 साली तेच रसायन ओठावरच्या केसांची वाढ मंदावणारं मलम म्हणून अमेरिकेत बाजारात आलं, त्यावर ओरड झाली, आणि 2001 साली आफ्रिकेसाठी औषध पुन्हा बनू लागलं. अमेरिकन मिशीने कांगोतली माणसं वाचवली असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

भाचीने शेवटी हातापायांना लेझर ठरवलं. पहिल्या सिटिंगला अंग स्वच्छ दिसावं म्हणून आदल्या दिवशी फुल वॅक्स करून गेली. तिथल्या मुलीने भिंग लावून पोटरी बघितली आणि तिला घरी पाठवलं. "मूळच उपटून आलात, किरण कुणावर मारू? वस्तरा चालला असता." महिनाभर थांबावं लागलं. लग्नात तिचे हात वस्तऱ्यानेच गुळगुळीत झाले होते, आणि आतून बारीक खरखर होती ती फक्त मेंदी काढणारीला कळली.

मी तिच्याबरोबर गेले होते म्हणून त्या मुलीने माझ्याही हनुवटीवर भिंग धरलं. तिथे एक केस आहे, पन्नाशीनंतर आलेला, पांढराशुभ्र, तारेसारखा ताठ. "हा लेझरला दिसतच नाही, काकू," ती म्हणाली. "काळा होता तेव्हा यायचं होतंत." घरी येऊन खिडकीशी आरसा धरला आणि आईच्या डब्यातला पितळी चिमटा काढला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा आला.